बहात्तरास एक

इंजिन हवं होतं, पण चालणारं नको.
टेबलावरच्या लढाईत ते नुसतं उभं राहणार,
अर्ध्या जळलेल्या स्टेशनात, रुळांवर तिरकं.
त्याच्या आडोशाला जो शिपाई लपेल
त्याच्यावर गोळी झाडताना फाशातले दोन वजा.
एवढीच त्याची नोकरी.

मिरजेत, लक्ष्मी मार्केटच्या पाठीमागे,
मोडक्या खेळण्यांच्या ढिगात एक सापडलं,
लाल-पिवळं, हसऱ्या तोंडाचं, चाक गायब.
वीस सांगितले, पंधराला दिलं.
घरी आणून शिपाई शेजारी उभा केला
तर त्याची टोपी धुराड्याच्या वर.
शिपाई बहात्तरास एक,
इंजिन कुणास ठाऊक कशास किती.
जत्रेतल्या पाळण्यापाशी बंदोबस्ताला आलेला फौजदार जसा.

मग मीच बांधायला घेतलं.
मी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते,
मुदत संपलेल्या कोऱ्या सिरिंजा माझ्या कपाटात खोकंभर.
वीस मिलीची नळी झाली बॉयलर.
आकडे खरवडले, काळा रंग दोनदा दिला,
तरी उन्हात धरलं की पोटावर पंधराचा आकडा दिसतो.
घुमटाला ब्लाउजचं टिचबटण,
धुराड्याला पेनचं टोपण,
कोळसा म्हणजे वाळवलेला चहाचा चोथा,
आणि खडी कृष्णेच्या घाटावरची, पिठाच्या चाळणीतून.
(चाळणीचं आईला अजून माहीत नाही.)
कठड्याची तार मात्र काही केल्या सरळ राहीना.
सतारमेकर गल्लीत दस्तगीरचाचांकडे गेले.
भोपळ्यावरचा हात न काढता त्यांनी विचारलं,
कशाची पाहिजे, जोडाची की चिकारीची?
म्हटलं, इंजिनाची.
ते हसले नाहीत. वीतभर तोडून दिली.
पैसे?
वाजलं तर द्या.

पलीकडच्या बोळात सॅम्युएल आवळे राहतात,
नॅरोगेजच्या शेडमध्ये फिटर होते, वाफ होती तोवर.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी इंजिन नाकाशी नेलं,
चाकं नखानं मोजली.
मी वाट बघत होते,
आता म्हणतील दांडा उलटा लागलाय, पिस्टन कुठाय.
ते म्हणाले, माणसं कुठायत?
म्हटलं, काका, हा फक्त आडोसा आहे.
अगं पण आग पेटलेलं इंजिन
असं सोडून कोण जाईल?
एक ड्रायव्हर, एक फायरमन.
स्टेशन जळेना का.

पाकिटात अठ्ठेचाळीस शिपाई.
पालथे पडलेले, गुडघा टेकलेले, बॉम्ब फेकणारे.
कामावर निघालेला एकही नाही.
एकाची बंदूक ब्लेडनं कापली.
हात तसेच राहिले छातीपुढे, काहीतरी मागत असल्यासारखे.
तारेचा उरलेला तुकडा, टोकाला गोळ्यांच्या पाकिटाची चांदी,
झालं फावडं.
बॉम्बवाल्याची वर गेलेली मूठ
शिट्टीच्या साखळीवर जरासुद्धा न तासता बसली.

रविवारी सांगलीहून चंद्रहास आला,
निळी फौज आणि भडंगाचा पुडा घेऊन.
तिसऱ्याच डावात त्याची तोफ स्टेशनावर. फासा सहा.
चार बोटांच्या आतलं सगळं गेलं.
माझे पाच त्यानं एकेक करून आडवे केले, हळू, चिमटीत धरून,
मग वाकून केबिनमध्ये डोकावला.
हे दोघं कुणाचे?

यादी पाहिली. यादीत नव्हते.
नियमांची वही उलटीसुलटी केली.
रेल्वेचे, मी म्हणाले.

चंद्रहासनं मूठभर भडंग तोंडात टाकलं,
बराच वेळ चावलं.
नियमात नाही, म्हणाला,
पण फासा उचलला नाही.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून, पेपर न खाली करता,
आवळेकाका म्हणाले,
टाकीत पाणी बघा रे.

आणि आम्ही दोघंही, एकाच वेळी,
खाली वाकलो.