बारा बोल्ट

कार्पेट उपटलं तर खाली निघाली
कुठल्यातरी रॅलीची वाळलेली लाल माती,
गोळीचा कागद, एक रुपया.
रुपया डॅशबोर्डवर ठेवला. गिऱ्हाइकाचा.

अंबडच्या शेडमध्ये दुपारी पत्रा तापतो.
मी आणि जालिंदरने तो वाकवलेला पाइप
मागच्या दारातून आत घेतला,
पलंग जिन्यातून वळवावा तसा.
एकदा छताला घासला,
एकदा जालिंदरच्या कोपराला.

पेखळ्यांची मृण्मयी हेल्मेट घालून बसली.
हेल्मेट आणि पाइपमध्ये
माझी चार बोटं मावली पाहिजेत.
तीन मावली.
"सीट पुढे घ्या."
"मग गुडघे स्टिअरिंगला लागतात."
चहा झाला. रुळाचं एक भोक बदललं.
चौथं बोट कसंबसं गेलं.

चांगल्या गाडीला ड्रिल लावताना
डॉक्टरसारखं तोंड करावं लागतं.
वरून पाय, खालून जाड पट्टी,
मध्ये फ्लोअरचा बिचारा पत्रा.
नुसत्या वॉशरवर भागवलं
तर गाडी उलटताना बोल्ट वर येतो,
पापडातून बोट यावं तसा.
हे मी तिला सांगितलं नाही.
जालिंदरला दोनदा सांगितलं.

पाना बारा वेळा कट्ट म्हणाला.

"किती वर्षं टिकेल?"
"कामी आला तर एकदाच."
ती हसली. मी बिल लिहायला वळलो.

रात्री जेवताना खिशात
एक बोल्ट लागला हाताला.
तेरा आणले होते, पक्कं आठवतंय.
पिशवीवर माझ्याच अक्षरात लिहिलंय.
तरी अर्धी भाकरी ताटात ठेवून
सिडकोतून स्कूटर काढली.