लाभ

बाळ रडत असेल तर मोजायचं नाही.
म्हणून आम्ही थांबतो, मी आणि प्रज्वला तारी,
आणि तिच्या मांडीवर दहा महिन्यांचा गौरांग,
दूध ओढता ओढता दमून सोडणारा.

तांबळडेगच्या वाळूवर लिलाव चाललाय.
उपकेंद्राचे गज दिवाळीला रंगवले होते,
शिमग्याआधीच पापुद्रे सुटले.

आता झोपला.
अंगडं वर करते,
सेकंदकाटा बारावर येऊ देते.
फासळ्यांखालची कातडी आत ओढली जातेय का?
नाही. बरं.

प्रज्वलाचेही ओठ हलतायत,
टोपलीतले बांगडे मोजावेत तसे:
लाभ, दोन, तीन...
पहिल्याला एक म्हणायचं नाही.
माझा आकडा चुकेल म्हणून गप्प करणार होते तिला.
केलं नाही.

"बावन," ती म्हणाली.
माझेही बावन्न.

पन्नासच्या वर म्हणजे फुप्फुसात शिरलंय.
पहिली गोळी इथेच, चमच्यातल्या दुधात विरघळवून.
सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस, बरा वाटला तरी.
छाती आत जायला लागली, दूध सोडलंन,
तर उजाडायची वाट बघू नको, गाडी बोलव.
"आणि रात्री मोजशील?"
"मोजतंय तर. आमचो धंदोच तो."

मोठी निधी दाराशी, पाठमोरी.
तीन हाका मारल्या.
"ह्या ऐकनाच नाय. शाळेत बाई पण बोलतत,
लक्ष नसता."
जवळ गेले आणि वास आला.
लसणीचं तेल, त्याखाली पू.
तेल बंद, कापसाचा बोळा बंद, खाडीत बुड्या बंद.
जुन्या धुवट सुती साडीची वात वळली,
पणतीची वळतात तशी,
कानात ठेवली, भिजली, टाकली. दुसरी. तिसरी.
पाचवी कोरडी आली.
निधी हूं की चूं करत नव्हती.
एवढी सवय दुखण्याची, सात वर्षांच्या मुलीला.

तिसऱ्या दिवशी प्रज्वलाने कार्ड पुढे केलं.
मागच्या बाजूला पेन्सिलीने एकोणपन्नास, त्रेचाळीस,
मग झोपेत लिहिल्यासारखे वाकडे अडतीस.
गौरांग माझा स्टेथोस्कोप चघळत होता.

कान मात्र अजून वाहतोय.
कणकवलीच्या कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली.
जाताना मुद्दाम मागून हाक मारली: निधी!
ती वळली,
हाकेला, की भिंतीवर हललेल्या माझ्या सावलीला,
ते मला कार्डावर लिहिता आलं नाही.