नऊ व्होल्ट

सियागंजात पंपाच्या मोटरी भरून देणाऱ्या
इस्माईल मिस्त्रींनी ही कॉइल गुंडाळली.
केसाहून जराशी जाड तार, दीडशे वेढे.
"किस मशीन की है?"
मी म्हटलं, गिटारची.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं
आणि पैसे पंपाचेच लावले.

बाकी सगळं मी केलं.
लाकूड खरवडताना वाईट वाटलं, तरी खरवडलं.
पाठीत एक चौकोनी खळगा,
त्यात बॅटरी, नऊ व्होल्ट,
मुलांच्या खेळण्यात असते तसली.

साध्या गिटारचा सूर
छेडला त्या क्षणापासून निघालेलाच असतो.
हा निघत नाही.
हा आपल्याकडच्या पाहुण्यासारखा,
पायात चपला, हात कडीवर,
"येतो हं" म्हणतो
आणि दारातच उभा राहून बोलत राहतो.

त्यात जादू काही नाही.
तार हलते, तिचं हलणं
तिलाच परत मिळतं, पुन्हा, पुन्हा.
बाहेरचं कुणी काही घालत नाही.
खोटं बोललो. बॅटरी आहे.

बावीस वर्षं मी घाईत वाजवलं,
एक सूर मरायच्या आत दुसरा,
उतारावरच्या सायकलसारखा.
आता उजव्या हाताला काम उरलं नाही,
तो मांडीवर पडून असतो
सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.
खटका मधे ओढला तर
धरलेल्या सुरातून हळूच
दुसरा एक बारीक सूर वर चढतो,
तापत्या दुधाला कड येते तसा,
आणि पहिला कधी गेला ते कळत नाही.
पहिले काही दिवस
थांबायचं कुठे तेच सुचेना.

परदेशीपुऱ्यात माझ्या खोलीच्या खाली
तराणेकर काका राहतात.
एकतीस वर्षं मागाच्या खात्यात होते,
कान तिथेच ठेवून आले.
एकदा जिना चढून आले.
तक्रार असेल म्हणून मी आवाज कमी केला,
जणू त्यांना ऐकू येणार होतं.
"माझ्या खाटेला मुंग्या येतायत," म्हणाले,
आणि न विचारता
तळहात गिटारच्या अंगावर ठेवला,
ताप बघतात तसा.
बराच वेळ.
"भोंगा," म्हणाले.
मग स्वतःशीच, "सातचा का तीनचा?"

तेव्हापासून रोज येतात.
मी पाचव्या पडद्यावर बोट दाबून बसतो,
ते हात ठेवून बसतात.
चहा मधे निवतो.
मिल बंद झाली त्याला किती वर्षं झाली
हे आम्ही दोघंही बोलत नाही.

परवा लाइट गेली.
अॅम्पचा लाल डोळा मिटला,
पंखा चार फेऱ्या उधारीवर फिरला.
गल्लीत पोरांनी आरडाओरडा केला, मग तीही गप्प.
"संपलं, काका," मी म्हटलं.
अंधारात त्यांना ओठ कसे दिसणार.
ते म्हणाले,
"चालू आहे."

मी कान लाकडाला लावला.
खरंच, होतं.
बंद कपाटात घड्याळ असावं इतकं.
खोलीत एक थेंबही सांडत नव्हतं त्यातलं,
आणि तार थरथरत होती,
त्या खेळण्यातल्या बॅटरीवर,
माझ्या डाव्या बोटाखाली, त्यांच्या उजव्या हाताखाली.
मघापासून ऐकत होता तो एकटा माणूस
ज्याला ऐकू येत नाही.

मी बोट उचललं नाही.
किती वेळ, ठाऊक नाही.
बोटाच्या टोकाला खाच पडली एवढं आठवतं.

लाइट आली तशी
अॅम्पने ठो करून सगळंच्या सगळं ओकलं,
खिडकीची काच कुरकुरली.
काकांनी हात काढून घेतला.
"पाळी सुटली," म्हणाले.
चपला पायात सरकवल्या,
कडीला हात लावला,
"येतो," म्हणाले,
आणि लगेच गेलेसुद्धा.