मागे जायचं बटण

बिटको चौकात चष्म्याच्या दुकानावर,
जिना चढून गेलं की सात मशीन,
सहा चालू, एक सुट्या भागांसाठी.
तासाला चाळीस, विद्यार्थ्यांना पस्तीस,
आणि वहीत नाव-पत्ता लिहायचा, हा ललवाणी शेठचा नियम.
लोक वहीत काहीही लिहीत.
ब्राउझर त्या वहीसारखाच,
समोरचा सांगेल ते खरं मानणारा.

सकाळी शटर वर करावं
तर पहिलं पान कुणीतरी बदललेलं,
घड्याळाशेजारी दोन अनोळखी चिन्हं येऊन बसलेली.
'हे बसवायचं का?' चौकट विचारायची.
नाही म्हटलं की परत विचारायची,
आणि सहाव्या खेपेला नववीतलं एखादं पोरगं
वैतागून हो म्हणायचं.
आत शिरायला एवढं पुरत होतं. वैताग.

माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये.
एकतीस वर्षं रोज संध्याकाळी फाटकावर
हात वर करून उभे राहिले,
खिसे, कंबर, चपला,
डब्याचं झाकणसुद्धा उघडून दाखवलं.
वाण्याने परत दिलेली दहाची नोट
खिडकीशी नेऊन उजेडात धरायचे,
वॉटरमार्क बघायचे, मगच घडी.
एकदा दुकानात आले, माझा विसरलेला डबा घेऊन.
स्क्रीनकडे बराच वेळ बघत राहिले.
"जगभरचं येतंय ना यातून?
मग फाटक कुठंय?"
मी खालच्या कोपऱ्यातलं पिवळं कुलूप दाखवलं.
ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला.
"हे चित्र आहे," म्हणाले.

मंगळवारी आणि शनिवारी, रात्रपाळी उतरून,
घोटेकर सिस्टर यायच्या.
चार नंबर, पंख्याखालचं.
नवरा मस्कतला.
दोन बोटांनी लिहायच्या, एकेक अक्षर चाचपत,
जशी लहान मुलाच्या हातावर शीर शोधावी.
मग व्यवस्थित बाहेर पडायच्या, खिडकी बंद न करता,
कारण पुढच्याला परत उघडायला लागू नये.

एका शनिवारी त्या जिना उतरत होत्या,
मी चार नंबरवर बसलो
आणि बोट डावीकडच्या बाणावर गेलं.
चुकून, असं मी इतकी वर्षं म्हणत आलोय.
पान आलं.
त्या बाहेर पडल्या होत्या, पत्र आतच राहिलं होतं,
इंग्रजी अक्षरांतलं, शिवणीवर उसवलेलं मराठी:
सगळ्यांना सांगते, दर रविवारी तुमचा फोन येतो.
नऊ वाजता रिसीव्हर कानाला लावून
एकटीच बोलते. सासूबाई ऐकतात.
हसतेसुद्धा मध्येमध्ये.

मी शेवटपर्यंत वाचलं.

बाकीच्या भोकांना दुरुस्ती निघाली होती,
रात्रभर उतरवायची, मोडेम तापेपर्यंत,
तीही खाली चष्मेवाल्याने फोन उचलला नाही तर.
पहिल्या रात्री बासष्ट टक्क्यांवर तुटली.
दुसऱ्या रात्री वीज.
शेठ म्हणाले, बिल काय तुझा बाप भरणार?
पण हे जे मी केलं त्याला दुरुस्ती नव्हती.
याला कुणी भोक म्हणतच नव्हतं.
सोय म्हणत: पान पटकन दिसावं
म्हणून जपून ठेवलेलं.

मग मी हातानेच पुसायला लागलो.
त्या उठल्या की चार नंबरवर जायचं,
इतिहास काढायचा, साठा काढायचा, खिडकी बंद.
दर वेळी आधी पुसलंच, असंही नाही.

मार्चनंतर त्या आल्या नाहीत.
वही बांधायला काढली तेव्हा बघितलं,
पूर्ण नाव, जेल रोडचा पत्ता, घर नंबर, फोन नंबर,
प्रत्येक वेळी, त्याच अक्षरात.
अख्ख्या वहीत तेवढंच खरं असावं.

वडिलांना एकदा विचारलं,
फाटकावरच्या पहारेकऱ्याला कोण तपासतं?
"दुसरा पहारेकरी."
आणि त्याला?
ते बनियन काढत होते, दोन्ही हात वर,
गरजेपेक्षा जरा जास्तच वर,
आणि जे काही म्हणाले
ते कापडातच राहिलं.