ढील

यान्को आला तेव्हा दोनच शब्द शिकवले त्याला :
घट्ट. ढील.
दुसरा आमच्या येवल्याचा,
संक्रांतीच्या गच्चीवरून आणलेला.

अंजनेरीच्या कातळाखाली जुनी मारुती उभी,
मागच्या सीटवर दोर, काळी द्राक्षं, त्याचा फाटका नकाशा.
त्याच्याकडचा दगड म्हणे पांढरा, चुन्याचा;
हा काळा, दुपारी तव्यासारखा,
बोटांची सालं काढणारा.

चाळीस फुटांवर माझा पाय
मागाच्या पावडीसारखा खटखटू लागला.
खालून आवाज : ढीऽऽल?
नको रे बाबा, घट्ट!
तो हसला. दोर ताणला गेला.

परवा हरिहर, काल ब्रह्मगिरीची मागची भिंत,
आज नाशिकरोड, फलाट तीन.
दोर माझ्याकडेच राहिला,
दोघांनीही विषय काढला नाही.
गाडी हलली तसा दारातून ओरडला तो
चुकीचा शब्द. की बरोबर?
अजून ठरत नाहीये.