गॅडोलिनियम नायट्राइड, नमुना अकरा

डिसेंबरात सकाळी सातला
पाषाणच्या तळ्यावर धुकं, व्हरांड्यात बारा अंश.
धातूचा तुकडा चिमट्यात धरून चुंबकाजवळ नेला.
टक्. चिकटला.
दुपारी दीडला तोच तुकडा, तोच चुंबक,
आणि ओळखसुद्धा दाखवली नाही.
वीस अंशांपाशी ह्याचं मन फिरतं, मी म्हटलं.
काच फुंकणारे मणेरकाका गॉगल कपाळावर सारून म्हणाले,
पुण्याचं पाणी लागलं त्याला,
एक ते चार बंद.

मग कानस.
आर्गॉनच्या पेटीत, कोपरापर्यंत काळ्या हातमोज्यांत,
स्वतःचेच हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे वापरत
मी तो किसला.
आधी हायड्रोजन पाजला. फुगला, तडकला, भुगा झाला.
मग भुगा मॉलिब्डेनमच्या होडीत,
होडी ॲल्युमिनाच्या नळीत,
नळीतून नायट्रोजन,
चौदाशे अंश, बारा तास.

बारा तासांत गुरुवार आलाच.
गुरुवारी पाणी नाही, आणि भट्टीची तोंडं तर पाण्यानेच थंड राहतात.
दोन बादल्या, कूलरचा पंप, बर्फाच्या लाद्या सुसच्या नाक्यावरून.
रात्रभर स्टुलावर बसून
एका बादलीचं कोमट पाणी दुसरीत.

आई फोनवर विचारते, काय बनवतेस तिथं?
म्हटलं, काळी पूड. हवा लागली की मरते.
धडगावात थोडा वेळ शांतता.
मग, मरते तर बनवतेस कशाला गं?

चौथा नमुना मेला, मोज्याला सुईएवढं भोक.
सातवा मेला झाकणाच्या रबरामुळे.
नववा का मेला ते वहीत लिहिलेलं नाही,
त्या दिवशी मी वही उघडली नाही.
मरताना प्रत्येक जण सारखाच.
हवेतलं पाणी आत शिरतं,
काळ्याचं पांढुरकं होत जातं
आणि वास येतो, नाकात चढणारा,
आमच्या शेळ्यांच्या खोपीत पहाटे यायचा तो, अगदी तोच.
अमोनिया, मी वहीत लिहिते.
खोप लिहीत नाही.

अकरावा जगला.
तव्याच्या बुडासारखा काळा.
क्ष-किरणांनी सांगितलं, मिठाचीच चौकट,
एक हा, एक तो, वर खाली, पुढे मागे,
खडेमीठ उचलून पाहावं इतकी साधी.
चुंबक होतो म्हणे, पण उणे दोनशे चारला.
द्रव नायट्रोजनची किटली माझ्याकडे आहे,
ती उणे एकशे शहाण्णवला थांबते.
ज्याच्यापासून हा झाला तोच आठ अंशांनी कमी पडतो.
हीलियमसाठी माझा नंबर मार्चमध्ये.

तोवर त्याला बंद करायचं होतं.
मणेरकाकांच्या आज्याची रविवारात बांगड्यांची गादी,
काका तेहेतीस वर्षं इथे, फेब्रुवारीअखेर निवृत्त.
काचेत फुंकर घालत गाल सैल पडलेत.
क्वार्ट्झची नळी पंपाला जोडून मी म्हटलं,
काका, ह्यात मात्र फुंकायचं नाही.
श्वासात पाणी असतं.
त्यांनी नळीतली चिमूटभर काजळी पाहिली,
बर्नरची निळी जीभ बारीक केली,
नळीला कमरेत धरून फिरवू लागले.
काच मऊ झाली, आत ओढली गेली, मिटत आली.

व्हॉल्व्ह बंद होता. पंप चालू होता.
काहीच गरज नव्हती,
तरी काकांनी श्वास रोखला.
माझाही रोखला गेला.

तुटलेलं टोक त्यांनी बोटांनी चाचपलं नाही, फक्त पाहिलं.
मग मला म्हणाले, पाडवी, सोड आता.

नळी विटेवर निवत ठेवली,
चिकटपट्टीवर तारीख, अकरा, र. पा.
आणि आम्ही चहाला खाली उतरलो.
कॅन्टीनवाल्यानं लांबूनच हात हलवला.
गुरुवार.