मोजदाद

थोंग्यंगच्या बंदरावर, मासळी बाजाराच्या मागे,
दुसऱ्या मजल्यावर आमचा दवाखाना.
टोचतात ते वैद्य मा. मी मोजते.
आत किती गेल्या, बाहेर किती आल्या,
एवढ्याचाच मला पगार.

ओकबुनबाईंचा खांदा थंडीत धरतो.
चाळीस हिवाळे कालवं फोडली,
आता हात वर जात नाही, केस विंचरायलासुद्धा.
मी विचारते ते ठरलेलं: जेवून आलात ना?
उपाशीपोटी भोवळ येते.
रक्त पातळ करायची गोळी?
"ती पांढरी? ती कशाला धरायची!"
मी धरते. लाल शाईनं लिहिते.
उद्या दंड काळानिळा दिसेल, घाबरू नका.
पण दम लागला, छातीत कळ आली,
तर मध्यरात्र असो, फोन करा.
हे शेवटचं मा स्वतः सांगतात,
कुणीतरी घोकून घेतल्यासारखं.

खांद्यापाशी त्यांची सुई तिरपी जाते. नेहमीच.
एकदा विचारलं, तर खिडकीबाहेर बघत म्हणाले,
"खाली फुप्फुस असतं."
मग बऱ्याच वेळानं,
"थाक नावाचा एक तांडेल होता."
त्या 'होता'ला घाबरून मी पुढचं विचारलं नाही.
थाक जिवंत आहे, हे मला बाजारात कळलं.
छातीत नळी घालून चार दिवस होता इस्पितळात.
आता आमच्या दारावरून जातो,
जिना चढत नाही.

त्या मंगळवारी बारा गेल्या, अकरा आल्या.
चादर झटकली. रांगत फरशी चाचपली.
मा कोट न घालताच निघाले, मागे मी.
शेडमध्ये शिंपल्यांचा ओला ढीग,
सुऱ्यांचा कट् कट् आवाज, रबरी हातमोजे.
ओकबुनबाईंनी पायमोजा खाली सारला:
घोट्याच्या वर, केसाएवढी, उभी.
"मला वाटलं, ही घरी न्यायची असते!"
सगळ्या हसल्या. मीही.
मा हसले नाहीत.
सुई उपटली, कापूस दाबून धरला,
आणि तिथंच, त्या खाऱ्या चिखलात,
कमरेत वाकून माफी मागितली.

"अहो, उठा," म्हणत ओकबुनबाईंनी
त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.
हात किती वर गेला, सांगता येत नाही;
ते वाकलेले होते.

परत येऊन वहीत लिहिलं: बारा.
पुढे वेळ: चार वाजून दहा.
त्यापुढे एक रकाना रिकामा असतो.
तो तसाच ठेवला.